गिटारीच्या अधांतरी पिकअपची कुळकथा

वाद्यांच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळतांना एक खोड वारंवार दृष्टीस पडते. लेखक मंडळी प्रत्येक वाद्याला एका जिन्यावर उभें करतात, आणि खालची पायरी ही वरच्या पायरीसाठींच बांधली होती असें ठरवून टाकतात. अमेरिकेंतील कमानदार तबलीच्या गिटारीची, म्हणजे तिकडे जिला 'आर्चटॉप' म्हणतात तिची, कथाहि अशीच सांगण्यांत येते. आधीं ती निव्वळ लांकडाच्या बळावर वाजे. मग वीज आली, तेव्हां एक पिकअप तिच्यावर उपरा बांधण्यांत आला. आणि पुढें शहाणपण सुचून तबली कापून तो आंत बसविण्यांत आला, कीं झाला प्रश्न निकालांत! या कथेंतील मधली पायरी म्हणजे 'फ्लोटिंग पिकअप'. तबलीला कोठेंहि न टेकतां तारांखालीं अधांतरीं राहणारी ही चुंबकाची डबी ही चार दिवसांची सोय होती, असें मानण्याचा प्रघात पडून गेला आहे. सनावळी नीट लावून पाहिली तर हा प्रघात टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम ही गिटार कशी असते तें सांगितलें पाहिजे. कारण आपल्याकडे घरोघरीं दिसते ती ही नव्हे. साध्या गिटारीची तबली सपाट असते, घोडी तिच्यावर चिकटविलेली असते आणि तारा त्या घोडीलाच अडकविलेल्या असल्यामुळें तिला सारख्या पुढें ओढीत असतात. आर्चटॉपची जात व्हायोलिनची. स्प्रूसची जाड फळी घेऊन कारागीर ती बाहेरून व आंतून कोरीत जातो, आणि मध्यें जरा जाड व कांठाकडे पातळ अशी फुगीर तबली तींतून काढतो. घोडी तिच्यावर नुसती उभी असते. तारा घोडीवरून जाऊन बुडाशीं टेलपीसला बांधलेल्या असतात आणि त्यांच्या दाबानेंच घोडी जागेवर राहते. म्हणजे या तबलीनें तारांचा भार सोसावयाचा आणि तरीहि त्यांच्याबरोबर थरथरावयाचें, अशी तिची दुहेरी चाकरी. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा अशाच जातीच्या गिटारीपासून सिद्ध झाली आहे, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

कोरीव तबलीची ही कल्पना ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराची. मिशिगन संस्थानांतील कॅलमझू या गांवीं तो मँडोलिनी व गिटारी करीत असे. १८९८ सालीं त्यानें आपल्या मँडोलिनीचें पेटंट घेतलें आणि १९०२ सालीं त्याच्या नांवाची कंपनी तेथेंच निघाली. पुढें १९१९ सालीं लॉइड लोअर हा वादक व ध्वनिशास्त्राचा अभ्यासक त्या कंपनींत आला, आणि १९२२ सालीं त्याच्या देखरेखीखालीं 'एल-५' ही गिटार बाहेर पडली. मधल्या गोल भोंकाऐवजीं व्हायोलिनीसारखीं एफ अक्षराच्या वळणाचीं दोन भोंकें तिला होतीं, हें सर्वच ग्रंथकार सांगतात. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तिच्या दांडीवरील पडद्यांची पट्टी तबलीच्या वरून, तिला स्पर्श न करतां पुढें आलेली होती. नखीचे ओरखडे तबलीवर येऊं नयेत म्हणून लावलेला पिकगार्डहि तबलीला चिकटविलेला नसून धातूच्या ब्रॅकेटवर उंच धरलेला होता. तबलीला मोकळें सोडावें हा दंडक विजेच्या आधींपासून या वाद्याच्या बांधणींत मुरलेला होता. अधांतरी पिकअपला पुढें जे दोन आधार सांपडले, दांडीचें टोक आणि पिकगार्डची कड, ते दोन्ही लोअरच्या गिटारींत तयारच होते.

एडी लँग (१९०२–१९३३) यानें एल-५ वर केलेलें वादन ध्वनिमुद्रिकांतून आजहि ऐकावयास मिळतें. मायक्रोफोनसमोर बसलें म्हणजे या गिटारीचें सर्व कांहीं सुरळीत चाले. नृत्यगृहांत मात्र ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गदारोळांत तिचा टिकाव लागेना. कारखानदारांनीं प्रथम जो उपाय केला तो अगदीं सरळसोट होता: गिटार मोठी करावयाची! एल-५ ची रुंदी १६ इंच होती. १९३४ सालीं गिब्सन कंपनीनें १८ इंच रुंदीची 'सुपर-४००' काढली. तिची किंमत ४०० डॉलर, म्हणून तें नांव. तालाची साथ करणाऱ्याचें यावर भागलें. काउंट बेसीच्या वाद्यवृंदांत १९३७ पासून १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत वाजविणारा फ्रेडी ग्रीन लांकडावरच राहिला. त्याची गिटार वेगळी ऐकूं आली नाहीं तरी तिच्यावांचून वृंदाचा ठेका ढिला पडला असता. परंतु ज्याला वृंदाच्या पुढें येऊन एकट्यानें सूर लावावयाचे होते, त्याला विजेवांचून गत्यंतर नव्हतें.

विजेचें तत्त्व फॅरडेचें, म्हणजे १८३१ सालचें. चुंबकाचें क्षेत्र हाललें कीं जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. पिकअप म्हणजे एक चुंबक आणि त्याच्याभोंवतीं केंसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारों वेढे; वर पोलादी तार थरथरली कीं खालीं तशीच थरथरती वीज तयार होते, व ती वाढवून लाउडस्पीकरकडे धाडतां येते. लॉस एंजेल्स येथें जॉर्ज बीचम व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ सालीं अशी गिटार बाजारांत आणली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची, ॲल्युमिनियमची, आणि आकारानें इतकी तव्यासारखी कीं लोक तिला तवाच म्हणूं लागले. तिला लांकडी तबली नव्हतीच. यंत्र तरीहि उत्तम चालत होतें.

सगळ्या वादाचें मूळ येथें आहे. पिकअपला लांकूड ऐकूं येत नाहीं. त्याला पोलादाची हालचाल तेवढी कळते. मग ज्या तबलीचा आवाज घ्यावयाचाच नाहीं तिचें एवढें सोंवळें कशासाठीं पाळावयाचें? कापा कीं खुशाल! हा प्रश्न विचारणारे लोक मूर्ख नव्हते, आणि त्यांचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाहीं.

गिब्सन कंपनीनें १९३६ सालीं 'ईएस-१५०' ही आपली पहिली विजेची आर्चटॉप काढली. तिच्या पिकअपचे दोन लांब चुंबक तबलीच्या पोटांत होते, पोलादाचें पातें तेवढें तबलीतून वर आलेलें होतें, आणि हें सर्व ओझें तीन स्क्रूंनीं तबलीलाच टांगलेलें होतें. चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ च्या ऑगस्टमध्यें बेनी गुडमनच्या वृंदांत दाखल झाला तो ही गिटार घेऊन. आणि १९४२ च्या मार्चमध्यें पंचविसाव्या वर्षीं क्षयानें वारला तोंवर गिटार हें साथीचें वाद्य आहे असें म्हणण्याची कोणाची छाती राहिली नव्हती. त्या वादनांत तबली कापल्याची उणीव कोणास भासत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण ईएस-१५० ही मध्यम प्रतीची गिटार होती, हेंहि ध्यानांत घ्यावें. ज्याच्याजवळ लोअरच्या वेळची एल-५ होती, किंवा न्यूयॉर्कच्या केन्मेअर स्ट्रीटवरील जॉन डँजेलिको याच्या हातची गिटार होती, तो वादक तिच्या छातीवर करवत चालविण्यापूर्वीं रात्रभर जागला असता. डँजेलिकोनें १९३२ पासून १९६४ सालीं मृत्यु येईपर्यंत अकराशेंहून कांहीं अधिक गिटारी केल्या. हातांनीं कोरलेली तबली एकदां कापली म्हणजे कापली. तीस ठिगळ लावून पूर्वीचा आवाज परत येत नाहीं.

अशा वादकांची नड ओहायो संस्थानांतील टोलेडो गांवच्या हॅरी डिआर्मंड यानें ओळखली. तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यानें तयार पिकअप विकण्यास आरंभ केला. ते रो इंडस्ट्रीज ही कंपनी तयार करीत असे. त्याची युक्ति पाहण्यासारखी आहे. घोडीच्या मागील बाजूस तारांनाच एक चिमटा बसवावयाचा, त्यांतून एक बारीक धातूची कांडी दांडीकडे न्यावयाची, आणि त्या कांडीवर पिकअप असा बसवावयाचा कीं तो मागें पुढें सरकवितां यावा. वादकांनीं या तऱ्हेला 'काठीवरचें माकड' असें नांव दिलें. सरकविण्यांत नुसती गंमत नव्हती. दांडीजवळ तार मोठ्या झोक्यानें हालते, म्हणून तेथें सूर गोल व भरदार उमटतो; घोडीजवळ झोका लहान व वरचे उपस्वर अधिक, म्हणून तेथें तो टोंकदार होतो. कापून बसविलेल्या पिकअपची जागा कारखान्यानें कायमची ठरविलेली असते. डिआर्मंडच्या पिकअपची जागा वादक गीतागणिक बदलूं शकत असे. 'रिदम चीफ' या नांवाचे त्याचे पिकअप पुढें इतके पसरले कीं त्या काळच्या छायाचित्रांत आर्चटॉप दिसली म्हणजे तारांखालीं तेंच माकड बसलेलें आहे कीं काय हें पाहण्याची आम्हांला संवयच लागली आहे.

गिब्सन कंपनीनेंहि या बाजूला पाऊल टाकलें. टेड मॅकार्टी १९४८ सालीं कंपनींत आला आणि त्याच सालीं त्यानें पिकगार्डच्याच अंगांत पिकअप व आवाज कमीजास्त करण्याच्या कळा बसविल्या. पिकगार्ड बदलला कीं गिटार विजेची झाली! १९५१ सालीं या युक्तीचें पेटंट मिळालें. आणि गंमत अशी कीं, त्याच १९५१ सालीं त्याच कंपनीनें एल-५ व सुपर-४०० या दोन्ही मानाच्या गिटारी तबली कापून, प्रत्येकीस दोन दोन पिकअप बसवून बाजारांत आणल्या. जिना चढविणारे इतिहासकार येथेंच थांबून टाळ्या वाजवितात.

तबली कापण्यामागें खरोखर एक सबळ कारण होतें, आणि तें म्हणजे 'फीडबॅक'. लाउडस्पीकरचा आवाज हवेंतून येऊन पोकळ गिटारीच्या तबलीला हालवितो, तबली तारांना हालविते, तारांची हालचाल पिकअप पुन्हां लाउडस्पीकरकडे पाठवितो, आणि हें चक्र वाढत वाढत शेवटीं गिटार एकाच स्वरावर ऊर बडवूं लागते. तबली जितकी चांगली, जितकी हलकी व मोकळी, तितकी ती या रोगास लवकर बळी पडते. उलट, भोंकें पाडून दोन पिकअपचें वजन टाकलें व आंतले आधार भक्कम केले कीं ती दबून राहते. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) याला अशीच कापलेली एल-५ मानवली, आणि त्याच्या वादनापुढें आम्हीं तबलीचें रडगाणें गावें हें शोभणार नाहीं. अधांतरी पिकअपचा कैवार घेणारे लोक फीडबॅकचा उल्लेख टाळतात. आम्ही टाळीत नाहीं. तो या पिकअपनें मुळींच मिटत नाहीं, आणि ज्याला मोठ्या आवाजांत वाजवावयाचें आहे त्यानें अधांतरी पिकअपच्या नादीं लागूं नये.

असे असूनहि १९५१ नंतर दहा वर्षांनीं, म्हणजे १९६१ सालीं, त्याच गिब्सन कंपनीनें अधांतरी पिकअपची एक अत्यंत महाग गिटार काढली. मधली पायरी वरच्या पायरीनंतर कशी आली?

हा प्रताप जॉनी स्मिथ याचा. अलाबामांतील बर्मिंगहॅम येथें १९२२ सालीं जन्मलेल्या या वादकाची 'मूनलाइट इन व्हरमाँट' ही ध्वनिमुद्रिका १९५२ सालीं निघाली, आणि तिच्यांतील एकमेकांना खेटून बसलेले मंद स्वर ऐकून कित्येक गिटारवादकांनीं आपलीं बोटें पुन्हां मोजून पाहिलीं. स्मिथ डँजेलिकोच्या गिटारीवर वाढलेला होता. पन्नाशीच्या दशकांत गिल्ड कंपनीनें त्याच्या नांवाची गिटार काढली, पण त्यानें दिलेल्या आराखड्यांत फरक झाल्यामुळें त्याचें समाधान झालें नाहीं. तो न्यूयॉर्क सोडून कोलोराडो स्प्रिंग्ज येथें जाऊन राहिला, तेव्हां मॅकार्टी स्वतः त्याच्याकडे गेला, आणि दोघांनीं मिळून नव्या गिटारीचें माप ठरविलें. सेथ लव्हरनें १९५५ सालीं दोन वेटोळीं उलटसुलट जोडून विजेच्या तारांची घरघर मारणारा 'हमबकर' सिद्ध केला होता. त्याचा एक चिंचोळा धाकटा भाऊ दांडीच्या टोकाला बसविण्यांत आला आणि आवाजाची कळ पिकगार्डवर ठेवण्यांत आली. तबलीला कशाचाहि स्पर्श नव्हता.

स्मिथसारख्या माणसाला पिकअपचें शास्त्र कळत नव्हतें काय? पिकअप लांकूड ऐकत नाहीं हें त्याला चांगलें ठाऊक होतें. परंतु तार किती वेळ वाजत राहील, कोणता उपस्वर आधीं विझेल, नखी लागतांच स्वर कसा उघडेल, या गोष्टी तबली ठरविते; आणि पिकअप जी हालचाल टिपतो ती अशी तबलीनें आधींच घडविलेली असते. शिवाय लहान दिवाणखान्यांत अ‍ॅम्प्लिफायर हलका ठेवला म्हणजे लांकडाचा आवाज व विजेचा आवाज एकत्र कानीं येतात. आणखी एक गोष्ट शास्त्रांत बसत नाहीं, पण ती आम्हांला सर्वांत मोठी वाटते. वादक गिटार छातीशीं धरून बसतो, आणि तबलीची थरथर त्याच्या बरगड्यांना कळत असते. तीवरून त्याचा हात हलका किंवा जड पडतो.

म्हणून निवड करावयाची ती गिटार पाहून. १९४९ सालीं निघालेल्या 'ईएस-१७५' ची तबली कोरीव नव्हती. ती चिकटवून दाबलेल्या पातळ पापुद्र्यांची, म्हणजे प्लायवुडची होती, आणि पिकअप तिच्यांत कापूनच बसविलेला होता. यांत अधर्म कांहींच नाहीं. प्लायवुडच्या गिटारीवर अधांतरी पिकअप लावून सोंवळें मिरविणें हा मात्र आमच्या मतें निव्वळ दिखाऊपणा आहे. गिटार खरोखर कोरीव असेल तरच पुढचा विचार.

पहिला विचार जागेचा. पडद्यांच्या पट्टीच्या टोकाशीं तारा आणि तबली यांमध्यें किती अंतर आहे तें आधीं मोजावें. तें गिटारीगणिक बदलतें, आणि बाजारांतला उत्तम पिकअप घरीं आणल्यावर तो तबलीवर टेकतो असें आढळलें तर सगळा खटाटोप फुकट. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असतां तिच्या व पिकअपच्या मध्यें दोनतीन मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. त्याहून जवळ नेलें तर चुंबक तारेला ओढूं लागतो व सूर डगमगतो. पिकअपच्या खालींहि थोडी हवा राहिली पाहिजे. कांहीं लोक पिकअप हालूं नये म्हणून त्याच्याखालीं स्पंजचा तुकडा खुपसतात. मग तो अधांतरी कसला? शिवाय जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर असा तुकडा पडून राहिला तर डाग पाडतो.

दुसरा विचार तारांचा. लांकडाचा आवाज खुलावा म्हणून या गिटारींना ब्राँझचें वेष्टन असलेल्या तारा लावण्याची चाल होती. ब्राँझला चुंबक ओळखत नाहीं. त्याला आंतला पोलादी गाभा तेवढा दिसतो. परिणाम असा कीं वेष्टनाच्या तारा पिकअपमधून दबक्या येतात, तर बी ही उघडी पोलादी तार पाहुण्यांच्या पंगतींत ओरडणाऱ्या पोरासारखी सर्वांच्या वर ऐकूं येते. निकेलच्या वेष्टनाच्या तारा लावल्या तर हा दोष बराचसा जातो, परंतु लांकडी आवाजाची थोडी चमकहि जाते. ज्या पिकअपला प्रत्येक तारेखालीं वरखालीं करतां येणारा स्क्रू असतो, त्याच्या बी खालचा स्क्रू उतरवून मार्ग काढतां येतो. ब्राँझ सोडावयाचें नसेल त्यानें असाच पिकअप घ्यावा.

तिसरा प्रश्न आधाराचा: पिकगार्डला बांधावा कीं दांडीच्या टोकाला? दांडीला बांधलेला पिकअप घट्ट बसतो, स्मिथच्या गिटारींत तसाच होता. पण त्यासाठीं स्क्रू मारावे लागतात. पिकगार्डला बांधलेला काढतांघालतां येतो, मात्र वाजवितांना हाताचा धक्का लागला कीं थोडा डुलतो. आम्ही जुन्या गिटारीसाठीं पिकगार्ड पसंत करूं आणि नव्यासाठीं दांडी. तारेचें टोक बाहेर काढण्यासाठीं बहुधा बुडाच्या खुंटीचें भोंक रुंद करून तेथें जॅक बसवितात, आणि तबलीला हात न लावल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटणारे लोक हें भोंक सोयिस्करपणें विसरतात. जॅक पिकगार्डच्या ब्रॅकेटलाच अडकविला तर तेंहि टळतें. टेलपीसला अर्थिंगची तार जोडावयास विसरूं नये, नाहींतर तारांवर हात ठेवला तरी घरघर थांबणार नाहीं.

पिकगार्ड पसंत करतांना एक धोका सांगितला पाहिजे. जुने पिकगार्ड सेल्युलॉइडचे, म्हणजे ज्या नायट्रेटच्या द्रव्याचे जुने बोलपट असत त्याच कुळांतले. पुण्यास २००३ सालीं लागलेल्या आगींत तसले किती चित्रपट गेले हें आपण जाणतों. पिकगार्डला आग लागली नाहीं तरी तो कालांतरानें आंतून कुजूं लागतो, त्यांतून आम्लाच्या वाफा निघतात, आणि त्या जवळच्या धातूला गंज चढवितात व खालच्या तबलीचें लॅकरहि खातात. तबली वाचावी म्हणून ज्याच्यावर पिकअप टांगला, त्याच्याच श्वासानें ती डागळावी, असें कित्येक जुन्या गिटारींचें झालें आहे. पिकगार्ड कडेला चुरूं लागला किंवा स्क्रूंवर हिरवट बुरा दिसूं लागला कीं तो पिकअपसह उतरवून पेटीबाहेर निराळा ठेवावा आणि नवा करून घ्यावा.

कॅलमझूचा गिब्सनचा कारखाना १९८४ सालीं बंद पडून सारा कारभार नॅशव्हिलला गेला. मागें राहिलेल्या कांहीं कारागिरांनीं १९८५ सालीं त्याच जुन्या इमारतींत 'हेरिटेज' ही कंपनी काढली. पुढें स्मिथनें आपलें नांव गिब्सनकडून काढून हेरिटेजला दिलें, तेव्हां गिब्सनला आपल्या गिटारीचें नांव बदलून 'ल ग्रां' करावें लागलें. पिकअप मात्र दांडीच्या टोकालाच राहिला. स्मिथ २०१३ सालीं वारला. त्या जातीच्या गिटारी आज लिलावांत येतात तेव्हां घेणारा प्रथम पिकगार्ड उचलून तबली अखंड आहे कीं नाहीं तें पाहतो, आणि मग पिकअप उतरवून पडद्यांच्या पट्टीचें टोक तपासतो. तेथें स्क्रूचीं दोन बारीक भोंकें असतात.